कुंडीतली पिवळी छत्री, हिरवळीवरची पांढरी आणि गुलमोहराच्या बुंध्यावरचा पंखा

मुलुंडच्या एका आजींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाऊस सुरू झाल्यापासून त्यांच्या गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांत पिवळ्याधमक छत्र्या, म्हणजे अळंब्या, एका रात्रीत उगवत आहेत आणि उपटल्या तरी आठवड्याभरात पुन्हा येत आहेत. इमारतीसमोरच्या हिरवळीवर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्यांचे कडे उमटले आहे. त्या गावाकडच्या अळंबीसारख्या दिसतात म्हणून शेजारी त्यांची भाजी करण्याच्या विचारात आहेत. नातवाला दमा आहे, तेव्हा या छत्र्यांतून उडणाऱ्या ‘बियां’चा त्याला त्रास होईल का आणि बुरशीनाशक फवारावे का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. शेवटी एका ओळीत त्यांनी लिहिले आहे की फाटकाजवळच्या गुलमोहराच्या बुंध्यालाही ‘लाकडासारखी कडक, वरून चकाकणारी’ अळंबी आली आहे.

ज्या पिवळ्या छत्र्यांची आपण सर्वाधिक धास्ती घेतली आहे, त्या या सगळ्यांत निरुपद्रवी आहेत. हिरवळीवरच्या पांढऱ्या छत्र्या कोणीही खाऊ नयेत, हे शेजाऱ्यांना आजच सांगावे. आणि गुलमोहराची जी गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, तिच्याकडे मात्र या आठवड्यातच लक्ष द्यायला हवे. हे मी कशावरून म्हणतो ते कळण्यासाठी छत्री म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागेल. मुंबईत तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवताना आणि पावसाळ्यात लोकांनी आणून दाखवलेल्या अळंब्या ओळखताना एकच गैरसमज मला पुन्हा पुन्हा भेटला आहे, तो म्हणजे लोक छत्रीलाच बुरशी समजतात.

आंबा उतरवला तरी आंब्याचे झाड जागेवरच असते. छत्रीचेही तसेच आहे. तिच्या देठाखाली, मातीत, कुजक्या लाकडात किंवा शेणखतात, केसाहून कितीतरी बारीक तंतूंचे जाळे पसरलेले असते. हे कवकजाल म्हणजे खरी बुरशी आणि छत्री हे तिचे फळ. जाळे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, कोणाच्या दृष्टीस न पडता खात असते. पाचक रस बाहेर सोडायचे, अन्न बाहेरच विरघळवायचे आणि मग ते शोषून घ्यायचे, अशी त्याची खाण्याची रीत आहे. आपल्या कुंडीतली वरची दोन बोटे माती हलक्या हाताने उकरली, तर कोकोपीटच्या कणांना बिलगलेले कापसाच्या पेळूसारखे पांढरे धागे दिसतील आणि अळंबीचा दमट वास येईल. हे जाळे किती पसरू शकते, याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या मालहूर जंगलात आर्मिलारिया या बुरशीचे एकच कवकजाल सुमारे ९६५ हेक्टरांत पसरलेले आढळले आहे, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा साधारण अकरावा हिस्सा, आणि त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक असावे असा अंदाज आहे. त्याच्या छत्र्या मात्र मधाच्या रंगाच्या, हाताच्या ओंजळीत मावतील एवढ्याच असतात आणि वर्षातले काही आठवडेच दिसतात.

या जाळ्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मला विद्यार्थिदशेत वाचली तेव्हा खरी वाटेना आणि आजही तिचे नवल कमी झालेले नाही. बीजाणू, म्हणजे आपण ज्यांना ‘बिया’ म्हटले आहे तो सूक्ष्म कण, रुजला की त्यातून निघणाऱ्या तंतूच्या पेशीत एकच केंद्रक असते. असा तंतू जुळणाऱ्या दुसऱ्या तंतूला भेटला की दोघांच्या पेशी एक होतात, पण त्यांची केंद्रके मात्र एक होत नाहीत. ती शेजारी शेजारी राहतात, एकाच वेळी विभागली जातात आणि नव्या प्रत्येक पेशीत जोडीनेच जातात. ही जोडी वर्षानुवर्षे तशीच चालू शकते. मग एखाद्या पावसाळ्यात छत्री उमलते, तिच्या खालच्या पडद्यांवरच्या गदेच्या आकाराच्या सूक्ष्म पेशींत ही दोन केंद्रके अखेरीस एकत्र येतात आणि लगेच विभागून बहुधा चार बीजाणू तयार करतात. म्हणजे इतका काळ लांबवलेला संयोग घडण्याची जागा ती छत्रीच. बाजारात मिळणाऱ्या बटण अळंबीत या गदेवर बहुतेक वेळा चाराऐवजी दोनच बीजाणू असतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘बायस्पोरस’ हा शब्द आला आहे. दुसरा एक मोठा गट आपले बीजाणू नळीसारख्या पिशवीत, बहुधा आठाच्या संख्येने, तयार करतो. कुजक्या ओंडक्यांवर दिसणाऱ्या वाट्यांसारख्या अळंब्या त्या गटातल्या.

छत्री एका रात्रीत उगवते, हे आपण लिहिले आहे ते बरोबरच आहे, पण ती एका रात्रीत तयार मात्र होत नाही. गुलकाडीच्या डोक्याएवढी कळी मातीत आधीच बसलेली असते आणि देठ, टोपी, पडदे हे सारे तिच्यात घडीव स्वरूपात असते. पुरेसे पाणी मिळाले आणि हवा थोडी गार झाली की या तयार पेशी पाणी पिऊन फुगतात. ताज्या अळंबीच्या वजनाचा सुमारे नऊ दशांश भाग पाणीच असतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तापमान दिवसरात्र फारसे हलत नाही. अशा शहरात कुंडीत छत्री उगवण्याचे आश्चर्य वाटायला नको.

आता आपण ज्यांना ‘बिया’ म्हटले आहे, त्या बीजाणूंविषयी. बहुतेक छत्र्यांचे बीजाणू ५ ते १० मायक्रॉन लांबीचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर शंभर-दोनशे बीजाणू ओळीने बसतील. त्यांच्यात गर नसतो, पोषणाचा साठा नाममात्र असतो आणि म्हणूनच त्यांची संख्या अफाट असते. रेजिनाल्ड बुलर या संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक वर्षे छत्र्यांखाली बसून हे मोजमाप केले. गॅनोडर्मा नावाच्या बुरशीच्या एका सपाट, लाकडी अळंबीतून दिवसाला सुमारे ३० अब्ज बीजाणू बाहेर पडतात, असा हिशेब त्याने मांडला. गॅनोडर्मा हे नाव लक्षात ठेवावे, कारण आपल्या गुलमोहराकडे वळल्यावर ते पुन्हा येणार आहे.

हे बीजाणू छत्रीतून आपोआप गळत नाहीत, ते फेकले जातात. छत्री उलटी करून पाहिली तर खाली वहीच्या पानांसारखे दाटीने लावलेले पातळ पडदे दिसतात आणि दोन पडद्यांमध्ये केसभर फट असते. बीजाणू पडद्याच्या उभ्या भिंतीवर आडवा बसलेला असतो. त्याच्या बुडाशी साखरेसारखे पदार्थ असतात. ते हवेतली आर्द्रता ओढून घेतात आणि तिथे पाण्याचा एक चिमुकला थेंब वाढू लागतो. बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ थर जमत असतो. वाढता वाढता थेंब त्या थराला टेकतो, क्षणात दोन्ही पाणी एक होते आणि त्या हिसक्याने बीजाणू गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट त्वरणाने सुटतो. एवढ्या वेगाने सुटूनही तो एका मिलिमीटरचाही पल्ला गाठत नाही, कारण इतक्या हलक्या वस्तूला हवा डिंकासारखी घट्ट असते. पण त्याला तेवढेच जायचे असते. फटीच्या मध्यावर आला की तो थांबतो आणि सरळ खाली पडू लागतो. थोडा जास्त गेला असता तर समोरच्या पडद्याला चिकटला असता, कमी गेला असता तर आपल्याच भिंतीला. फटीची रुंदी आणि फेकीचे अंतर यांचा हा मेळ प्रत्येक जातीत बसलेला असतो. छत्री तिरकी झाली तर पडदे पुन्हा लंबरेषेत यावेत म्हणून देठ वाकतो. कुंडी कलती करून ठेवल्यास काही तासांत हे आपल्याला घरीच पाहता येईल. छत्रीच्या अंगातून पाण्याची वाफ होत असल्यामुळे तिच्या खालची हवा गार होऊन हळूहळू बाजूला सरकते आणि वारा पडलेला असतानाही बीजाणूंना वाहून नेते.

छत्र्या बीजाणूंपासून होतात, हे माणसाला फार उशिरा कळले. वीज चमकली की किंवा माती कुजली की अळंबी आपोआप उगवते, असे जगभर मानले जात होते, आणि मृगाच्या गडगडाटानंतरच अळंबी येते हे आपल्याकडेही ऐकू येते. पिएर अंतोनिओ मिकेली या फ्लॉरेन्सच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कलिंगडासारख्या एका फळाच्या कापांवर बुरशीची धूळ पेरून तीच बुरशी उगवून दाखवली आणि १७२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. पावसाशी असलेला संबंध मात्र खराच आहे, कारण पाण्याशिवाय ना कळी फुगते, ना तो थेंब तयार होतो.

पडदे असलेली छत्री हा फळाचा एकच प्रकार झाला. गच्चीवरच्या कुंड्यांत कधी डाळीच्या दाण्यांनी भरलेल्या इवल्याशा वाट्या दिसतात. त्या सायाथस या बुरशीच्या. वाटीत पावसाचा टपोरा थेंब पडला की त्यातले दाणे उडून हातभर लांब जाऊन पानाला चिकटतात, आणि लोक ती किडीची अंडी समजून औषध फवारतात. राष्ट्रीय उद्यानात आणि आरेच्या झाडीत पावसाळ्यात पांढऱ्या जाळीचा झगा नेसलेली एक अळंबी सापडते. तिच्या टोकावरचा हिरवट चिकटा सडक्या मांसासारखा घाण वास मारतो, त्यावर माश्या जमतात आणि बीजाणू पायांना लावून नेतात. ती सकाळी अंड्याएवढी असते आणि दोन-तीन तासांत वीतभर उंच होते. मुलांना एकदा तरी ती दाखवायला घेऊन जावे असे मला मनापासून वाटते, वासाची तक्रार ती नंतर विसरतात.

आता आपल्या कुंड्या. लिंबासारखा पिवळा रंग, टोपीवर पिठासारखी भुकटी, कडेला छत्रीच्या काड्यांसारख्या रेषा आणि दीड-दोन दिवसांत मान टाकणे, हे वर्णन जवळजवळ खात्रीने ल्युकोकोप्रिनस बिर्नबाउमी या जातीचे आहे. ही उष्ण कटिबंधातली अळंबी कुंड्यांबरोबर जगभर पसरली. इंग्लंडमधल्या एका काचघरात सापडलेल्या या अळंबीचे वर्णन जेम्स बोल्टनने १७८८ मध्येच केले होते. आपल्याकडे ती कोकोपीट, गांडूळखत किंवा नर्सरीच्या मिश्रणातून येते. ती झाडाच्या जिवंत मुळांना हात लावत नाही. मेलेला काडीकचरा खाते आणि त्यातले अन्न जास्वंदीला मोकळे करून देते. पोटात गेली तर उलट्या आणि पोटदुखी होऊ शकते, म्हणून घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर छत्र्या काढून टाकाव्यात. हात लावल्याने काही होत नाही.

बुरशीनाशक मात्र फवारू नये. फवारा छत्रीवर पडतो, जाळे तर कुंडीच्या तळापर्यंत गेलेले असते. त्याला संपवण्याइतके औषध ओतले तर मातीतले उपयोगी जीवही त्याबरोबर मरतील, कढीपत्ता आपण खाणार आहात, आणि दमा असलेल्या मुलाला फवाऱ्याचा त्रास छत्रीपेक्षा निश्चित अधिक होईल. वरचा थर वाळू दिला आणि पाणी रोज न देता बोट खुपसून कोरडेपणा पाहून दिले, तर छत्र्या कमी होतात. पूर्ण घालवायच्या असतील तर सगळी माती बदलून मुळे धुवावी लागतील, आणि तेवढा खटाटोप करण्यासारखे त्यांनी काही केलेले नाही.

हिरवळीवरच्या छत्र्यांबद्दल मी अधिक ठामपणे लिहितो. कड्याच्या आकारात उगवलेल्या, ताटलीएवढ्या, पांढऱ्या टोपीवर मधोमध तपकिरी खवले असलेल्या, देठावर वर-खाली सरकणारी अंगठी असलेल्या छत्र्या या जवळजवळ खात्रीने क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस आहेत. जगभरच्या उष्ण प्रदेशांत अळंबीच्या विषबाधेला सर्वाधिक वेळा कारण होणाऱ्या जातींपैकी ही एक. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब सुरू होतात, आणि लहान मुलांत शरीरातले पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत कमी होऊ शकते. तिचे कोवळे पडदे पांढरे असतात, म्हणून ती फसवते. खरा रंग बीजाणूंचा. एक पूर्ण उमललेली टोपी देठापासून कापावी, पडदे खाली करून अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवावी, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी टोपी अलगद उचलली की कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखा ठसा उमटलेला असतो. प्रत्येक रेघ म्हणजे दोन पडद्यांमधली फट, आणि रेघेत मखमलीसारखी दाट भुकटी. क्लोरोफिलमचा ठसा मळकट हिरवा येतो. मोठ्या छत्र्यांत हा रंग इतका दुर्मिळ आहे की तो पाहिल्यावर शंका उरत नाही. आपल्या शेजाऱ्यांना हा कागद दाखवावा, माझ्या शब्दांपेक्षा तो त्यांना लवकर पटेल.

त्यांना जी गावाकडची अळंबी आठवते आहे, तिचीही बाजू सांगायला हवी, कारण ती आठवण खोटी नाही. कोकणात आणि पालघरच्या पट्ट्यात पावसाळ्यात वारुळाजवळ येणारी, टोकदार बोंडाची, मुळासारखा लांब देठ खोल जमिनीत गेलेली अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. तिची शेती वाळवी करते. पालापाचोळा खाऊन त्याच्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे वाळवी जमिनीखाली रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि मग बुरशीने मऊ केलेले ते पोळे खाते. बुरशी वाळवीच्या पोटात आणि वाळवी बुरशीच्या आधाराने, असा हा संसार असल्यामुळे ही अळंबी माणसाला अजून शेडमध्ये पिकवता आलेली नाही. तिच्या बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबी येतो. तो लांब देठ ओळखून, पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी जाऊन अळंबी आणणाऱ्या आदिवासी बायकांच्या ज्ञानाबद्दल मला अतिशय आदर आहे. पण ते ज्ञान त्या जागेचे असते. वारुळ ओळखणारी नजर मुलुंडच्या विकत आणून अंथरलेल्या हिरवळीवर उपयोगी पडत नाही, आणि गुलाबी ठसा आला म्हणून कोणतीही अळंबी खाण्यायोग्य ठरत नाही. ठशावरून एखादी जात बाद करता येते, सुरक्षित मात्र ठरवता येत नाही.

चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण काळा झाला नाही, किड्यांनी खाल्लेली आहे, रंगीत नाही, या सगळ्या परीक्षा निरुपयोगी आहेत. अमानिटा गटातल्या सर्वांत घातक अळंब्यांतले अमाटॉक्सिन शिजवल्याने नष्ट होत नाही, चवीला जाणवत नाही, आणि तेच विष लेपिओटा गटातल्या काही लहान, दिसायला सौम्य छत्र्यांतही असते. हे विष पेशींतले नवी प्रथिने घडवण्याचे काम थांबवते आणि त्याचा मोठा घाव यकृतावर पडतो. पहिल्या सहा ते बारा तासांत काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. मग एखादा दिवस बरे वाटते आणि घरचे निर्धास्त होतात, त्याच वेळी यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा जण दगावले, त्यांत चहामळ्यांतली कुटुंबे होती. म्हणून अळंबी खाल्ल्यावर त्रास उशिरा सुरू झाला तर तो अधिक गंभीर समजावा, १०८ ला फोन करावा, आणि उरलेली अळंबी प्लॅस्टिकमध्ये न घालता कागदात गुंडाळून रुग्णालयात सोबत न्यावी.

नातवाच्या दम्याविषयीची आपली काळजी अगदी रास्त आहे, मात्र तिचा रोख थोडा बदलावा असे मला वाटते. बीजाणूंनी दमा उसळू शकतो, हे खरे आहे. पण मोकळ्या गच्चीवरच्या दहा-बारा छत्र्या पावसाळी हवेत आधीच असलेल्या बीजाणूंत फारशी भर घालत नाहीत. याच दिवसांत कपाटामागची ओल धरलेली भिंत, खिडकीची चौकट, न धुतलेली एसीची जाळी आणि चामड्याच्या चपला यांवर अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम या बुरशा छत्री न काढताच बीजाणू तयार करत असतात, आणि ते त्याच्या उशापासून चार हातांवर बंद खोलीत फिरत असतात. आधी तिथे पाहावे. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावा आणि ओलीचे मूळ, म्हणजे गळका नळ किंवा बाहेरची भेग, दुरुस्त करून घ्यावे, कारण नुसता रंग लावला तर बुरशी त्याच्या मागून वर येते. कुंडीतल्या छत्र्या टोपी उघडण्याआधी, काडीपेटीतल्या काडीसारख्या असतानाच काढाव्यात, आणि खत-माती कालवण्याचे काम नातू घरात नसताना करावे.

याच संदर्भात एक गोष्ट अनेकांच्या उपयोगाची आहे. मुंबईत अलीकडे घरच्या घरी भाताच्या पेंढ्याच्या पिशवीत धिंगरी अळिंबी पिकवण्याची हौस वाढली आहे आणि ती चांगली हौस आहे. पण धिंगरी बीजाणू फार सोडते, आणि बंद खोलीत ते सतत श्वासात गेल्याने फुप्फुसांना सूज येण्याचा विकार अळिंबी उत्पादकांत चांगला माहीत आहे. टोपीची कड अजून खाली वळलेली असतानाच तोडणी करावी. कड वर उलटली आणि पिशवीखाली पांढरी धूळ दिसली की उशीर झाला. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात ही पिशवी ठेवूच नये. हवा कोंडली की धिंगरीचा देठ लांबतो आणि टोपी नखाएवढीच राहते, म्हणजे खोलीला वारा कमी पडतो हे ती स्वतःच दाखवते.

आता गुलमोहर. वरून लाखेसारखी चकाकणारी, तांबूस तपकिरी, कडेला पांढरी, पंख्याच्या आकाराची कडक अळंबी बुंध्याच्या तळाशी असेल तर ती गॅनोडर्मा. तिच्या वरच्या पृष्ठावर आणि आसपासच्या पानांवर कोकोच्या पुडीसारखी तपकिरी भुकटी साचलेली असेल, तेच तिचे बीजाणू. ही बुरशी लाकडाला कडकपणा देणारा भागच खाते, म्हणून लाकूड पांढरट, दोऱ्यासारखे आणि मऊ होत जाते. तिचा शिरकाव बहुधा मुळांच्या जखमांतून होतो. गुलमोहराची मुळे उथळ आणि लांबवर पसरलेली असतात. केबल, गटार, पेव्हर ब्लॉक अशा कोणत्याही कामात ती तोडली जातात आणि मग वरून बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते. बाहेर पंखा दिसतो तेव्हा आतले जाळे बरीच वर्षे जेवलेले असते. पालवी मात्र हिरवीगार असू शकते, कारण पाणी वाहणारा बाहेरचा थर अजून शाबूत असतो.

पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीत मी असाच पंखा पाहिला होता आणि झाडाची तपासणी करून घ्या, असे तोंडी सांगून आलो होतो. तिथल्या मंडळींनी पंखा कोयत्याने छाटला, जखमेला गेरू-चुना लावला आणि बुरशी गेली असे समजून ती निश्चिंत झाली. दुसऱ्या पावसाळ्यात जुलैमधल्या एका रात्री ते झाड उभ्या गाड्यांवर कोसळले. सुदैवाने खाली कोणी नव्हते. सकाळी मी उघडा पडलेला बुंधा पाहिला, तेव्हा जाड मुळे पाण्यात भिजवलेल्या पावासारखी बोटाने कुस्करत होती आणि शेंड्याला मात्र फुले होती. मी त्या वेळी लेखी कळवले नाही, याची खंत मला आजही आहे, म्हणून आपल्याला हे इतक्या तपशिलाने लिहीत आहे.

पंखा तोडू नये. तो पुरावा आहे, आणि तो तोडल्याने रोग कमी होत नाही. बुंध्याभोवती पूर्ण फेरी मारून असे पंखे किती आहेत आणि ते घेराच्या किती भागात पसरले आहेत ते पाहावे. एका बाजूला एकच असणे आणि तीन बाजूंना असणे यांत मोठा फरक आहे. लाकडी हातोडीने खोडावर ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकावा. भरीव लाकूड टणक वाजते, पोकळ भाग बद्द वाजतो. जमीन एका बाजूने उचलली गेली आहे का, झाड पूर्वीपेक्षा कलले आहे का, हेही पाहावे. हे सारे छायाचित्रांसह, पंख्याशेजारी फूटपट्टी धरून, सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान विभागाला लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण प्रत्येक गॅनोडर्मा लागलेले झाड तोडावेच लागते असे नाही. फांद्यांचा भार कमी करून आणि बुंध्याभोवतीचे काँक्रीट किमान मीटरभर फोडून काही झाडे पुढे अनेक वर्षे उभी राहतात. खोडाच्या आतली पोकळी ध्वनिलहरींनी मोजणारी उपकरणे आता मिळतात, तशी तपासणी करण्याची मागणी अर्जातच लिहावी.

झाड काढावेच लागले तर खुंट आणि जाड मुळेही काढून न्यावीत, कारण बुरशी त्यांवर पुढे कित्येक वर्षे जगते आणि त्याच खड्ड्यात लावलेल्या नव्या रोपाला गाठते. आवारात माड असतील तर त्यांचेही बुंधे तपासावेत. माडाच्या तळाशी तांबूस तपकिरी चीक पाझरत असेल तर तेही याच गटातल्या बुरशीचे लक्षण असू शकते. आणि उद्यान विभागाचे लोक येईपर्यंत झाडाखालच्या गाड्या दुसरीकडे लावाव्यात, मुलांना तिथे खेळू देऊ नये आणि वॉचमनदादांची खुर्ची आज संध्याकाळीच फाटकाच्या दुसऱ्या बाजूला हलवावी.